मालनच्या आईची हाक

ऑक्टोबरातल्या एका दुपारी मी जपानी कार्टूनमधल्या मेंढ्यांना हाका मारत होते आणि माझं कुणी ऐकत नव्हतं.

पडद्यावरच्या मेंढ्या येत होत्या म्हणा. चित्रातल्याच त्या, येणारच. पण माझ्या आवाजाला भुलून आल्या असं कुणी म्हटलं नसतं. "या... या या या..." मी सहाव्यांदा ओरडले. काचेपलीकडं रुबिनानं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. रुबिना आमचं ध्वनिमुद्रण बघते, शाळेपासूनची मैत्रीण आहे, आणि तिनं हेडफोन काढला की समजायचं, आता चहा सांगावा लागणार.

चहासाठी दार उघडलं, तर दारात एक माणूस उभा. उंच, सावळा, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात धुळीचे बूट. हातात कुणाच्या तरी दाढेचा एक्स-रे.

"मॅडम, एक विचारू का?" तो म्हणाला. "कोंबड्या बोलवायलात का?"

"मेंढ्या," मी म्हणाले.

"अस्सं." त्यानं गंभीरपणे मान हलवली. "मला वाटलं कोंबड्या. पण कोंबड्या बी अशानं यायच्या न्हाईत."

रुबिना खो-खो हसली. मी नाही हसले. सकाळपासून घसा कोरडा पडला होता, आणि आता खालच्या दाताच्या दवाखान्यातला कुणीतरी जिना चढून मला शिकवायला आला होता. आमच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, पण दाराला काही नाही. त्यामुळं हायवेवरचे ट्रक आत येतात आणि माझा आवाज बाहेर जातो.

"तुम्हाला येतं वाटतं?" मी विचारलं.

"जन्म मेंढरात गेलाय. आता नोकरी हाय, लोहारा गावात, जनावरांच्या दवाखान्यात. पण रविवारी मेंढरातच." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "आज आईला आणलंय. दाढ दाखवायला. ती खाली बसलीय, भ्यालीय. म्या तिच्यापेक्षा जास्त भ्यालोय, म्हणून वर आलो."

त्याचं नाव समर्थ. माकणीचा. हे त्यानं सांगितलं नाही, एक्स-रेच्या पाकिटावर आईच्या नावाखाली लिहिलं होतं. मी वाचलं. का वाचलं, ते विचारू नका.

चहा चार कप आला. चौथा त्याच्या आईसाठी तो स्वतः खाली देऊन आला. मग मी त्याला आमचं काम सांगितलं. उमरग्यातली आमची संस्था छोटीशी आहे. मेंढपाळ, ऊसतोड मजूर, अशा सदा वाटेवर असणाऱ्या घरांतल्या लेकरांसाठी ती गोष्टी करते आणि टॅबमध्ये भरून त्यांच्या तळांवर, शाळांत पोचवते. या वर्षी एक जुनी जपानी मालिका हाती आली होती, अमेरिकेतल्या जुन्या गाजलेल्या कादंबऱ्यांवरून काढलेली. बाप, आई, दोन मुली आणि थोड्या मेंढ्या. गाडीत बिऱ्हाड घालून अमेरिकेच्या माळावर निघालेलं एक कुटुंब. गोष्ट अमेरिकेतली, चित्रं जपान्यांची, आणि बोली आमची. संवाद मी लिहीत होते. थोरल्या मुलीचं नाव लेकरांच्या जिभेवर बसेना, म्हणून रुबिनानं तिला मालन केलं. मालनचा आवाज माझा. मालनच्या आईचाही माझाच, कारण दुसरी कुणी मिळाली नाही.

आणि चौदाव्या भागात मालनची आई धुक्यात हरवलेल्या मेंढ्यांना हाक मारते. तिथंच माझं घोडं अडलं होतं.

समर्थनं तो भाग उभ्यानंच पाहिला. "बाई चांगली हाय," तो म्हणाला. "पण तिच्या तोंडी कुणाची हाक घालणार? मेंढरांची हाक घरोघर येगळी असते. दोन कळप एकमेकांत मिसळले तर हाकेवरच वेगळे होतात."

"मग तुमच्या घरची द्या."

तो कपातला चहा हलवत राहिला.

"तेवढं सोडून बोला," तो म्हणाला. "कुत्रं देतो, बैल देतो, कोकरू देतो. हाक नको."

अशी मी त्याच्याकडून कुत्रं, बैल आणि कोकरू घेतलं. पुढच्या रविवारी तो आला आणि मायक्रोफोनपुढं बसून कोकराचा असा आवाज काढला, की खालच्या दवाखान्यातली परिचारिका वर येऊन विचारून गेली. त्यापुढच्या रविवारी बैल. मग गाडीचं चाक चिखलात रुततं तो आवाज. मालनच्या बापाचे संवादही त्यानं दोन ठिकाणी बदलले. मी लिहिलं होतं, "आता आपण पुढं प्रस्थान करू." तो म्हणाला, "मॅडम, ह्यो माणूस गाडीवाला हाय का पुढारी?" आणि खोडून लिहिलं, "चला, आवरा."

त्याचं अक्षर बारीक आणि तिरकं होतं. तो कागद मी फाइलला लावला नाही. तो माझ्या पर्समध्ये गेला.

एका रविवारी मी विचारलंच, "आईची दाढ अजून किती दिवस चालणार?"

"आईची दाढ मागच्या महिन्यातच झाली. नुसती टोपी बसवायची राहिलीय."

"मग तुम्ही?"

"माझी दुखायलीय."

"कुठली?"

त्यानं गालाला हात लावून बराच विचार केला. "अजून ठरलं न्हाई," तो म्हणाला.

चहा बशीत ओतून तो आधी माझ्याकडं सरकवायचा. एकदा माझी जीभ भाजली होती, तेव्हापासून. बोलायचा काही नाही. बशी सरकवायची आणि खिडकीतून ट्रक बघत बसायचं. रुबिना काचेपलीकडून हे सगळं बघायची आणि मला मेसेज करायची. त्यातला एकही मेसेज इथं सांगण्यासारखा नाही.

नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला. पत्र्यावर असा कोसळायला लागला की रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. रुबिना स्कूटीवर ठेवलेले कपडे भिजतात म्हणून खाली पळाली. त्या दिवशी आमच्यासमोर विसावा भाग होता. मालनच्या घरच्यांनी वर्षभर खपून लाकडाचं घर बांधलंय, खिडकीला काच बसवलीय, आणि ती जमीन आपली नाहीच असं कळतं. सामान पुन्हा गाडीत. मालन रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर हात फिरवते. मी हा भाग दहादा पाहिला होता आणि दहाही वेळा रडले होते. अकराव्यांदाही डोळे भरलेच.

समर्थ माझ्याकडं बघत राहिला. चेष्टा नव्हती, खरंच त्याला कळत नव्हतं.

"काय झालं?"

"घर सोडलं ना त्यांनी."

"कुठं सोडलं?" त्यानं पडद्याकडं बोट केलं. "घर गाडीत बसलंय की. आई, बाप, दोन पोरी. सोडली ती लाकडं."

पाऊस वाजत होता. मी डोळे पुसले आणि त्याच्याकडं नीट पाहिलं, आणि मला सरळ कळलं की या माणसाबरोबर मी कुठल्याही गाडीत बसेन. असं काही वाटलं की लोक म्हणे लाजतात. मला भूक लागली. मी डब्यातला उरलेला अर्धा लाडू खाऊन टाकला.

"आमच्याही होत्या मेंढ्या," मी म्हणाले. "आजोबांनी विकल्या आणि उमरग्यात टायरचं दुकान टाकलं. मी बघितल्याही नाहीत. मागं मी आत्याला विचारलं, आपल्या घरची हाक कशी होती? तिला आठवेना. बाबांना आठवेना. आजोबा तर गेलेच. कुणालाच येत नाही आता ती."

समर्थचा चेहरा असा झाला, की जणू मी घरातलं कुणी गेल्याचं सांगितलं होतं. पाऊस कमी झाला, रुबिना ओले कपडे घेऊन वर आली, तरी तो तसाच बसलेला.

मग म्हणाला, "ती धुक्याची गोष्ट... अजून तशीच राहिलीय का?"

"राहिलीय."

"या इकडं. सरळ उभ्या राहा. श्वास पोटात घ्या, छातीत नको."

ती हाक अक्षरांत लिहिता येत नाही. आणि येत असती तरी मी इथं लिहिली नसती; का, ते पुढं कळेल. खालून सुरू होते, मधे जीभ टाळूला लागते, आणि शेवट उंच, लांब, जिथं माझा दम हटकून संपायचा. त्यानं वीस वेळा म्हणून दाखवली. मी वीस वेळा चुकले. शेवटी तो माझ्या मागं उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही मारा. जिथं दम सुटंल तिथं म्या हाय."

मी मारली. जिथं माझा आवाज विरायला लागला, तिथं खालून त्याचा आला आणि दोन्ही मिळून वर गेले. रुबिनानं काचेपलीकडून अंगठा दाखवला. नंतर तो म्हणाला, "माझा आवाज पुसून टाका." रुबिना म्हणाली, "नुसती हिची हाक ठेवली तर मेंढ्या काय, माशाही येणार नाहीत." तो हसला आणि पायऱ्या उतरून गेला. खाली जाऊन पुन्हा दोन पायऱ्या वर आला.

"प्रतीक्षा," तो म्हणाला. पहिल्यांदाच, मॅडम नाही. मग त्यानं कठड्यावरचं पाणी बोटानं निपटलं. "छत्री हाय का तुमच्याकडं?"

पाऊस केव्हाच थांबला होता.

डिसेंबरात टॅब वाटले गेले. आणि एका बुधवारी सकाळी समर्थचा फोन आला. त्याला धाप लागली होती आणि पाठीमागं भयंकर बँ-बँ चाललेली.

"तुमच्या कार्टूनला लोक लई आलेत," तो म्हणाला.

झालं होतं असं. माकणीच्या शाळेतल्या गुरुजींनी लेकरांना चौदावा भाग मैदानावर दाखवला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून टॅब गणपतीच्या कर्ण्याला जोडला. तिथून दोन शेतं पलीकडं समर्थचे वडील धुळाप्पा यांची मेंढरं चरत होती. मालनच्या आईनं धुक्यात हाक मारली. दीडशे मेंढ्यांनी माना वर केल्या, आणि कुणाचा तरी हरभरा तुडवत शाळेच्या फाटकातून आत शिरून कर्ण्यासमोर उभ्या राहिल्या. लेकरं आनंदानं वेडी झाली. धुळाप्पा काठी टेकत मागून आले, तेव्हा पडद्यावर एक परकी गोरी बाई त्यांच्या घरची हाक मारत होती.

मी पोट धरून हसले. समर्थ हसत नव्हता हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"काय झालं?"

"काही न्हाई. आप्पा... बघू. नंतर बोलतो."

नंतर बोलला नाही. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी मेसेज केला: 'दाढ बरी झाली का?' त्याला दोन निळ्या खुणा आल्या आणि उत्तर नाही. मी बशीत चहा ओतायची आणि तो तसाच गार व्हायचा. रुबिनानं त्या दिवसांत एकही मेसेज केला नाही, यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते समजा.

मग जिन्यावर जोडव्यांचा आवाज आला. हिरवं लुगडं, कपाळावर भंडारा, गालावर सूज. म्हाळसाबाई, समर्थची आई. दाढेवर टोपी बसवायला आली होती.

"तूच का ती कार्टूनवाली?"

मी खुर्ची दिली. त्या जमिनीवर बसल्या, म्हणून मीही बसले.

"लई राग आलाय त्यांस्नी," त्या म्हणाल्या. "जेवण सोडल्यागत करायलेत. ती हाक म्हंजी काय, ठावं हाय का तुला? आमच्यात सून लगीन होऊन आली, की सासू तिला पयल्यांदा कळपावर नेती आन् हाक शिकविती. मेंढरांनी वळखली की ती घरची. मला माझ्या सासूनं दिली. थोरल्या सुनंला म्या दिली. ती पुण्याला गेली ती परत न्हाई फिरकली, माझं थोरलं पोरगं बी घेऊन गेली. तवापसून ह्यांनी ठरवलंय, आता शहरातली नको. आन् तू तर घरात पाय न ठेवताच हाक घेऊन गेलीस. वर साऱ्या मुलखाला ऐकवलीस."

"मावशी, मला माहीत नव्हतं हो. खरंच."

"तुला न्हवतं," म्हाळसाबाई म्हणाल्या. सुजलेल्या गालातून त्यांना हसू आवरत नव्हतं. "त्याला व्हतं की."

खाली ट्रक जात होते. एक गेला, दुसरा गेला. मग ते वाक्य माझ्या डोक्यात नीट शिरलं आणि कान तापले. त्या दिवशी पावसात तो छत्री विचारायला वर आला नव्हता. त्यानं विचारायचं ते आधीच विचारलं होतं, आणि मी शहाणी त्यात दम कुठं घ्यायचा एवढंच शिकत बसले होते.

"काय बी बोलंना झालाय बापापुढं," त्या उठत म्हणाल्या. "चूक माझीच म्हनतो आन् गप बसतो. रविवारी दुपारी ईट गावचे पाव्हणे यायलेत. मेंढरातलीच पोरगी हाय. तुला सांगायचं न्हवतं, पर दाढंवर टोपी बसली आन् तोंड उघडलं माझं."

त्या दिवशी गुरुवार होता.

शुक्रवार आणि शनिवार मी आणि रुबिना गाडीवरून टॅब गोळा करत फिरलो. तळ, शाळा, वीटभट्ट्या. प्रत्येक टॅबमधून चौदावा भाग काढला आणि नवा घातला. नव्यात हाक नव्हती. दुसऱ्या कुणाची घालायची नव्हती, आणि माझी "या या" घालायची तर लाज वाटत होती. म्हणून मालनची आई तोंडाशी हात नेते, तोंड उघडते आणि तिथं फक्त वारा. मग धुक्यातून मेंढ्या येतात. रुबिना म्हणाली विचित्र वाटतंय. मी म्हणाले, वाटू दे.

शनिवारी संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता ऐकलं, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"नोकरी आहे म्हणतेस," ती म्हणाली. "पण आधी त्या मेंढ्यांना हो म्हणू दे. मग आम्ही बघू."

रविवारी सकाळी माकणीला उतरले. तळ धरणाच्या बाजूला होता, ज्वारीच्या कडेनं. ज्वारी हुरड्यात आली होती आणि थंडी अजून रानातून हलली नव्हती. मेंढ्या जाळीच्या कुंपणातून नुकत्याच सोडलेल्या, शंभरेक पावलांवर चरत होत्या. तीन दगडांच्या चुलीपाशी म्हाळसाबाई. घोंगडीवर धुळाप्पा. समर्थ एका कोकराच्या पायाला पट्टी बांधत होता. मला बघून त्यानं ती पट्टी स्वतःच्या बोटाला बांधली.

मी धुळाप्पांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

"तुमची हाक परत आणलीय," मी म्हणाले. "सगळीकडून काढली. माझ्याकडंही ठेवली नाही. माझ्या हातून चूक झाली, माफ करा."

"हाक परत देता येती व्हय?" त्यांचा आवाज खर्जातला, शांत होता. "भांडं हाय का ते? तुझ्या गळ्यात गेली ती गेली." मग जरा थांबून, "तुमच्या घरी काय करत्यात?"

"टायरचं दुकान आहे. आजोबांच्या मेंढ्या होत्या. विकल्या त्यांनी."

"आन् तुमची हाक?"

"हरवली," मी म्हणाले. ठरवलं होतं रडायचं नाही, तरी आवाज हललाच. "कुणालाच आठवत नाही."

धुळाप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडं वर बघितलं.

"दाव बघू काय केलंस ते."

मी टॅब काढला. धुकं आलं. मालनची आई गाडीवर चढली, तोंडाशी हात नेला, तोंड उघडलं. वारा. आणि धुळाप्पांचे ओठ हलले. आवाज पुटपुटण्याइतकाच, त्यांच्या त्यांनाही कळला नसेल. पण पडद्यावर नेमक्या तेव्हाच मेंढ्या धुक्यातून बाहेर आल्या. पुढं महिनाभरात आम्हाला कळलं, की तळातळावरची लेकरं त्या जागी असंच करतात; ज्याच्या त्याच्या घरची हाक ज्यानं त्यानं मारायची. त्या सकाळी मात्र ते पहिल्यांदाच झालं होतं.

"म्हातारा कार्टूनात शिरला," चुलीपासून म्हाळसाबाई म्हणाल्या.

"तू भाकरी बघ." धुळाप्पांनी टॅब माझ्या हातात दिला. काठी मेंढ्यांकडं केली. "मार."

"काय?"

"हाक. येती न्हवं?"

समर्थ उठून उभा राहिला. "आप्पा, ती एकटीनं कधी—"

"तू गप. तू लई बोलायलास आज."

मी कळपाकडं तोंड केलं. श्वास पोटात घ्यायचा, छातीत नाही. पोटात भीतीशिवाय कशालाच जागा नव्हती. तरी घेतला आणि मारली. खालून सुरू केली, जीभ टाळूला लागली, वर गेली, आणि जिथं दर वेळी सुटायचा तिथं दम सुटला. मागं या वेळी कुणी नव्हतं. तरी जेवढी उरली होती तेवढी ओढून नेली.

दीडशे मेंढ्या चरत राहिल्या. एकीनंही मान वर केली नाही.

मी ओढणीचं टोक मुठीत धरून उभी राहिले. आता वळायचं, नमस्कार करायचा आणि रस्त्याला लागायचं. बस किती वाजता असते, तेही आठवेना. आणि तेवढ्यात कळपाच्या पार कडेची एक म्हातारी मेंढी, एक शिंग मोडलेली, लंगडत निघाली. थांबली. ज्वारीचं पान खाल्लं. पुन्हा निघाली. आम्ही चौघं तिच्याकडं बघत होतो आणि तिला कसलीच घाई नव्हती. ती सरळ माझ्यापर्यंत आली आणि माझ्या ओढणीत नाक खुपसलं.

समर्थ घाईघाईनं म्हणाला, "ती... ती जरा म्हातारी हाय. कुणाकडं बी जाते."

"आली का न्हाई?" धुळाप्पांनी विचारलं.

"आली."

"मग?"

धुळाप्पांनी पटका सोडून पुन्हा बांधला. मग कुणाकडंच न बघता, ज्वारीला सांगावं तसं म्हणाले,

"हिच्या सासूला पयल्या दिवशी एक बी आली न्हवती."

चुलीपाशी भाकरी करपल्याचा वास आला. म्हाळसाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "एक बी कशी? कुत्रं आलं व्हतं की."

"चावायला आलं व्हतं ते." धुळाप्पा उठले. "ईटला फोन लाव. म्हणावं, एक मेंढी आडवी आली."

ते काठी टेकत कळपाकडं गेले. मी तिथंच उभी. मेंढी ओढणी चावत होती आणि मला तिला हटकायचं सुचत नव्हतं. समर्थ जवळ आला. त्याच्या बोटाला अजून कोकराची पट्टी होती.

"म्या तुला त्या पावसातच विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "हाक दिली तेव्हा. नीट सांगायला जमलं न्हाई... भ्यालो. तू जबाब कधी देणार?"

"दिला की आत्ता," मी म्हणाले. "अख्ख्या कळपासमोर ओरडून."